एका नावाची दोन बिऱ्हाडं

लिनक्सच्या कुठल्याही मशीनवर टर्मिनल उघडून 'एन्व्ह' ही कमांड दिली की पाच-पन्नास ओळी भराभर पडद्यावर येतात. प्रत्येक ओळीत डावीकडे कॅपिटल अक्षरांतलं एक नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग किंमत. ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. त्या गर्दीत दोन ओळी शोधा: 'यूझर=सुनीता' आणि 'लॉगनेम=सुनीता'. माहिती एकच, नोंद दोनदा. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'सेट' टाइप केलं तर तिसरंच नाव भेटतं, 'यूझरनेम'. पायथनमध्ये 'मला कोण चालवतंय' हे विचारायला 'गेटयूझर' नावाचं फंक्शन आहे. ते बिचारं ओळीने चार दारं ठोठावतं: लॉगनेम, यूझर, एलनेम, यूझरनेम. ज्या दाराआड काही सापडेल ते घेऊन परत येतं.

एवढ्याशा माहितीला इतकी नावं कशी पडली हे बघायला गेलं की पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं. आणि मागे गेल्यावर नावांच्या भानगडीपेक्षा मोठी गोष्ट हाती लागते. ज्या ओळीवर शेकडो प्रोग्रॅम डोळे मिटून विसंबतात ती ओळ कोणालाही, कधीही, हवी तशी बदलता येते. हे ती लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तसं लेखी सांगूनही ठेवलं होतं.

करून बघायला काही खर्च नाही. शेलमध्ये लिहा 'यूझर=पेशवे'. मग 'एको $यूझर'. पडद्यावर 'पेशवे' येईल. आता 'हूॲमआय' विचारा. उत्तर 'सुनीता'. पहिल्या कमांडने खिशातली चिठ्ठी वाचली, दुसरीने थेट सिस्टिमच्या गाभ्याला, कर्नलला विचारलं. कर्नलला नावाशी देणंघेणंच नसतं. त्याच्याकडे प्रत्येक प्रोसेसच्या नावे एक आकडा असतो, यूआयडी. रूट ह्या सर्वाधिकारी खात्याचा शून्य, लिनक्सवर साध्या माणसांचे आकडे बहुतेक ठिकाणी 1000 पासून सुरू होतात. फाइल कोणाची, कोणी कोणाची प्रोसेस मारायची, हे सगळे निवाडे आकड्यावर होतात. नाव फक्त माणसांच्या सोयीसाठी.

ही विभागणी युनिक्सच्या जन्माइतकीच जुनी आहे. त्याच्या आधीच्या मल्टिक्समध्ये (एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांचा 1965 पासूनचा संसार) माणसाची ओळख नाव, मग टिंब, मग प्रकल्प अशा लांबलचक पद्धतीने लिहायचे. बेल लॅब्ज 1969 मध्ये त्यातून बाहेर पडली आणि केन थॉम्प्सनने एका पडीक पीडीपी-7 वर युनिक्स सुरू केलं. नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये पासवर्ड फाइलचं वर्णन आहे: लॉगिनचं नाव, पासवर्ड, आकडा, सुरुवातीची डिरेक्टरी, आणि शेल म्हणून कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते. प्रत्येक माणसाची एक ओळ, मध्ये कोलन. आजही तुमच्या मशीनवरची फाइल जवळपास अशीच आहे. तेव्हा तो आकडा एका बाइटचा होता, म्हणजे 255 च्या पुढे माणसं मोजायची सोयच नव्हती. खोलीत बसणारी माणसं मोजकी असताना कशाला लागते?

नावंही तशीच आटोपशीर. थॉम्प्सन म्हणजे 'केन', डेनिस रिची म्हणजे 'डीएमआर', ब्रायन कर्निगन म्हणजे 'बीडब्ल्यूके'. पुढे युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपर्यंत, कोण कुठल्या टर्मिनलवर बसलंय याची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये नावाला आठच बाइट होते. आठ अक्षरांची ती चौकट नंतर कितीतरी वर्षं टिकली, आणि लांब आडनावाच्या मंडळींनी स्वतःची नावं अर्धी कापून घेतली.

आता ह्या फाइलचा एक परिणाम बघण्यासारखा आहे. 'एलएस' सारख्या साध्या कमांडलाही आकड्यावरून नाव दाखवायचं तर ही फाइल वाचावी लागते, म्हणून ती सगळ्यांना खुली ठेवणं भाग होतं. तिच्यातच पासवर्डचे एन्क्रिप्ट केलेले तुकडेही होते. एका जुन्या बीएसडीबरोबर (म्हणजे बर्कलीच्या युनिक्सबरोबर) अशी एक फाइल जतन झाली होती. 2019 मध्ये त्यातला थॉम्प्सनचा पासवर्ड अखेर फुटला. निघाली ती बुद्धिबळातली चाल, वजिराचं प्यादं दोन घरं पुढे. बुद्धिबळाचं यंत्र बांधणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! पासवर्डचे तुकडे पुढे वेगळ्या, झाकलेल्या 'शॅडो' फाइलमध्ये गेले. नाव आणि आकडा मात्र आजही उघड्यावरच आहेत.

त्या ओळीतला आणखी एक रकाना मजेदार आहे. त्याला जीकॉस म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या मशीनवर त्या नावाची सिस्टिम चालायची, आणि बेल लॅब्जमधले लोक छपाईचं काम अधूनमधून तिकडे पाठवत. त्या मशीनला कार्डावर कामाच्या धन्याची ओळख लागायची, ती ठेवायला हा रकाना. रिचीने स्वतःच नंतर कबूल केलं की सोय फारशी देखणी नव्हती. ती मशीनं भंगारात गेली, रकाना राहिला, आणि त्यात लोक आपलं पूर्ण नाव लिहू लागले. 2005 मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने गिट लिहिलं. त्यात तुम्ही नाव भरलेलं नसेल तर कमिटवर घालायला गिट ह्याच रकान्यात हात घालतं. त्या रकान्यात 'अँड'चं चिन्ह असेल तर त्याच्या जागी लॉगिनचं नाव पहिलं अक्षर मोठं करून घालायचं, हा जुना बीएसडी रिवाजही गिट पाळतं.

पण ह्या सगळ्यात व्हेरिएबल कुठे आहे? अजून नाही. सहाव्या आवृत्तीपर्यंत (1975) शेल थॉम्प्सनचा होता, आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला जन्म देताना सोबत द्यायला आर्ग्युमेंट्सशिवाय काही नव्हतं. जानेवारी 1979 च्या सातव्या आवृत्तीत ते बदललं. स्टीफन बॉर्नचा नवा शेल आला आणि त्याच्याबरोबर एन्व्हायर्नमेंट. 'नाव=किंमत' अशा ओळींचं एक गाठोडं, जे आई-प्रोसेसकडून मुलाकडे जसंच्या तसं नक्कल होऊन जातं. मुलाने त्यात केलेला बदल आईपर्यंत पोचत नाही. सगळा खेळ इथेच आहे: गाठोडं प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतं, कर्नल ते फक्त पोचवतो. आत काय लिहिलंय ते तो तपासत नाही, तपासायचं कारणही नाही.

गंमत अशी की त्या सातव्या आवृत्तीत लॉगिन प्रोग्रॅम ह्या गाठोड्यात दोनच वस्तू बांधून द्यायचा: 'होम' आणि 'पाथ'. माणसाचं नाव त्यात नव्हतंच. नाव हवं असेल तर आकडा विचारा आणि पासवर्ड फाइलमध्ये शोधा. माझ्या मते हे योग्यच होतं, आणि तिथेच थांबले असते तर पुढची बरीच डोकेदुखी टळली असती. पण अडचणीही खऱ्या होत्या. एकाच आकड्याला दोन नावं असू शकतात (बीएसडीवर रूटच्या शेजारी उलटं लिहिलेला 'टूर' असतो, दोघांचाही आकडा शून्य), आणि आकड्यावरून शोधलं की पहिलं सापडेल ते नाव मिळतं. आलेला माणूस नक्की कोणत्या नावाने आत आला, ते आकडा सांगत नाही. शिवाय फाइल वरून खाली ओळीओळीने वाचत जायची; विद्यापीठात ओळी वाढल्या की दर वेळी ती चाळत बसणं परवडत नाही.

म्हणून दोन ठिकाणी दोन उपाय निघाले, आणि इथे घर फुटलं.

कॅलिफोर्नियात बर्कलीला बिल जॉयने सी-शेल लिहिला; 1979 च्या दुसऱ्या बीएसडीत तो आणि व्हीआय एडिटर दोन्ही होते. बर्कलीच्या लॉगिनने गाठोड्यात नावाची ओळ घालायला सुरुवात केली आणि तिला 'यूझर' म्हटलं. सी-शेलने तिला एक जुळं भावंडही दिलं: लहान अक्षरांतलं 'यूझर'. शेल सुरू झाला की मोठ्या अक्षरांतल्या 'यूझर'ची किंमत लहानात येते, आणि लहान बदललं की मोठं आपोआप बदलतं. 'टर्म' आणि 'पाथ' यांचंही तसंच. बाकी बदल करायचा तर 'सेटएन्व्ह यूझर पेशवे', मध्ये बरोबरचं चिन्ह नाही.

तिकडे पूर्व किनाऱ्यावर बेल लॅब्जच्या मालकांच्या, एटी अँड टीच्या घरात त्याच ओळीचं नाव 'लॉगनेम' ठरलं. सिस्टिम थ्री आणि 1983 ची सिस्टिम फाइव्ह ह्या तिथल्या युनिक्सांच्या मॅन्युअलमध्ये त्याच नावाचं एक छोटं फंक्शनही आहे. ते गाठोड्यातून 'लॉगनेम' काढून हातावर ठेवतं, बस्स. त्या पानाच्या तळाशी, दोषांच्या यादीत, स्पष्ट लिहिलंय की अशा रीतीने नाव ठरवण्यात बनावटीला वाव आहे. वर मी लेखी इशारा म्हणालो तो हा. इशारा वाचतं कोण?

ऐंशीच्या दशकात कंपन्या ह्या किंवा त्या घरातून युनिक्स घेऊन आपापलं दुकान थाटत होत्या, तेव्हा एका मशीनवर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर रिकामं नाव छापायची. 1988 च्या पॉझिक्स प्रमाणाने भांडण मिटवायचा प्रयत्न केला आणि कौल 'लॉगनेम'च्या बाजूने दिला. पण बर्कलीच्या माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम एव्हाना जगभर पसरले होते. लिनक्स आलं तेव्हा त्याने दोन्ही घरांचा मान ठेवला: लॉगिन दोन्ही ओळी भरतो. लिनक्सचं मॅन्युअल आजही सांगतं की 'यूझर' हे बीएसडीकडून आलेल्या काही प्रोग्रॅमसाठी आणि 'लॉगनेम' हे सिस्टिम फाइव्हकडून आलेल्यांसाठी. लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या मॅन्युअलमध्ये, त्या सुरू करताना काय काय भरलं जातं त्याची यादी आहे. तिथे लिहिणाऱ्याने नावापुढे कंसात 'दोनदा' असं टाकलंय. त्या एका शब्दात बराच वैताग आहे.

विंडोजची शाखा निराळी. डॉस 2.0 ने 1983 मध्ये 'सेट' आणि 'पाथ' उचलले, पण डॉसवर माणूस एकच, जो खुर्चीत बसलाय तो. त्याला नाव कशाला? 1993 मध्ये विंडोज एनटी आलं, खरीखुरी खाती आली, आणि त्यांच्याबरोबर 'यूझरनेम' व 'यूझरडोमेन'. तिथेही खरी ओळख लांबलचक आकड्यांची, आणि 'सेट यूझरनेम=पेशवे' म्हटलं की त्या खिडकीपुरते तुम्ही पेशवे.

नाव भरायच्या पद्धती शेलागणिक वेगळ्या आणि प्रत्येकीत एक खड्डा. बॉर्नच्या मूळ शेलमध्ये दोन पायऱ्या होत्या, आधी किंमत द्या, मग 'एक्स्पोर्ट' करा. एका ओळीत दोन्ही करायची सोय डेव्हिड कॉर्नच्या शेलपासून आली. बॅशमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडली तर 'यूझर' नावाची कमांड सापडत नाही म्हणून तो ओरडतो. निदान ओरडतो तरी. विंडोजचा सीएमडी त्याच चुकीवर चूप राहतो आणि शेपटीला स्पेस असलेलं एक नवंच व्हेरिएबल तयार करून ठेवतो; मग तुम्ही अर्धा तास शोधत बसा.

झेड-शेलची गोष्ट मात्र सगळ्यांहून न्यारी. 1990 मध्ये पॉल फाल्स्टॅडने प्रिन्स्टनला तो लिहिला आणि तिथे तेव्हा शिकवायला मदत करणाऱ्या झोंग शाओंचं लॉगिन-नाव त्याला दिलं. म्हणजे एका माणसाचं यूझरनेमच शेलचं नाव झालं. आणि ह्याच शेलमध्ये 'यूझरनेम' ही नुसती चिठ्ठी नाही. रूट म्हणून चालत असताना तिला दुसरं नाव दिलं तर शेल स्वतःचा यूआयडी खरोखर बदलतो. 2019 पासून ॲपलच्या मॅकवर हाच शेल मुळात येतो, तेव्हा बॅशची सवय असलेल्यांनी रूट होऊन ह्या नावाशी खेळताना जरा जपून.

किंमत देवनागरीत द्यायलाही हरकत नाही. डेबियनसारख्या सिस्टिमवर खातं उघडताना मुळातल्या नियमाने अक्षरं लहान रोमनच चालतात, पण व्हेरिएबलला असा नियम नाही. 'यूझर'मध्ये देवनागरीतलं 'सखाराम' भरलं तर 'एको' ते बिनतक्रार छापतो. यूटीएफ-8 मध्ये त्याचे अठरा बाइट होतात, जुन्या आठाच्या चौकटीत दुसरं अक्षरही पुरतं बसलं नसतं. यूटीएफ-8 ची ही पद्धत सप्टेंबर 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली ती केन थॉम्प्सननेच, रॉब पाइक शेजारी असताना. बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये मात्र 'सखाराम' दिसणार नाही. प्रॉम्प्ट नावासाठी पासवर्ड फाइलकडे जातो.

जाणत्या प्रोग्रॅमांनी आपापल्या परीने काळजी घेतली. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या पॉल व्हिक्सीच्या क्रॉनमध्ये 'होम' आणि 'शेल' बदलता येतात, 'लॉगनेम' बदलता येत नाही. 'एसयू' (दुसऱ्या खात्यात शिरायची कमांड) रूट होताना नुसताच वापरला, पुढे डॅश दिला नाही, तर 'यूझर' जुनाच ठेवतो. काम रूटचं, नाव सुनीताचं. ह्यामुळे लॉगमध्ये भलताच माणूस दिसतो आणि नवे ॲडमिन चक्रावतात. सुडो दोन्ही नावं बदलतो, पण मूळ कोण होतं ते 'सुडो-यूझर' ह्या तिसऱ्या ओळीत टिपून ठेवतो.

ज्यांनी ही काळजी घेतली नाही त्यांचं काय झालं, ते टेलनेटच्या दारात बघायला मिळतं. टेलनेट म्हणजे दुसऱ्या मशीनवर जाऊन बसायची जुनी सोय. 1993-94 मध्ये तिच्या प्रमाणात अशी तरतूद झाली की इकडच्या मशीनने आपलं एन्व्हायर्नमेंट तिकडच्या मशीनला कळवावं, आणि कळवायच्या ठरावीक नावांत पहिलंच होतं 'यूझर'. हेतू चांगला, नाव पुन्हा टाइप करायला नको. पण तिकडचा टेलनेट-सर्व्हर ते नाव उचलून लॉगिन प्रोग्रॅमच्या ओळीत चिकटवायचा. आता लॉगिनला 'वजा एफ' असा एक पर्याय आहे. त्याचा अर्थ, ह्या माणसाची तपासणी झालेली आहे, पासवर्ड विचारू नकोस. मग समजा कोणी आपल्या 'यूझर'मध्ये नावाऐवजी 'वजा एफ रूट' असंच भरून पाठवलं तर? लग्नाच्या मांडवात 'मी मुलाकडचा' म्हणून शिरणाऱ्याला कोणी पत्रिका मागत नाही, तसं लॉगिन त्याला थेट आत घेतो.

मे 1994 मध्ये एआयएक्स ह्या युनिक्सवर आणि लिनक्सवर, टेलनेटसारख्याच आरलॉगिनच्या वाटेने नेमकं हेच झालं, दुरुस्त्या निघाल्या. फेब्रुवारी 2007 मध्ये सोलारिस 10 च्या टेलनेटमध्ये तेच, ह्या खेपेला सरळ 'यूझर'मधून. पुन्हा दुरुस्ती. मार्च 2015 मध्ये ग्नूच्या इनेटयुटिल्समधल्या टेलनेट-सर्व्हरमध्ये एक छोटा बदल झाला आणि लॉगिनच्या ओळीत समोरून आलेला 'यूझर' न तपासता जाऊ लागला. जवळजवळ अकरा वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जानेवारी 2026 मध्ये ते जाहीर झालं. घुसायला लागणारी कृती एका ओळीची: 'यूझर'मध्ये 'वजा एफ रूट' भरा आणि टेलनेटला 'वजा ए' देऊन जोडा. पासवर्ड नाही, कौशल्य नाही. दुरुस्तीही तेवढीच साधी आहे, बाहेरून आलेलं नाव वजा चिन्हाने सुरू होत असेल तर घ्यायचं नाही. बत्तीस वर्षांत तीनदा शिकलेला हा धडा, आणि तो चौथ्यांदा शिकावा लागणारच नाही अशी मला खात्री नाही.

अलीकडे ओळ खोटी असण्यापेक्षा मुळात नसण्याचा ताप जास्त आहे. ह्या ओळी भरायचं काम लॉगिनचं, आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये लॉगिन करतंच कोण? प्रोसेस थेट सुरू होते. डॉकर 'पाथ', 'होम', 'होस्टनेम' भरतो, 'यूझर' नाही. मग लॅपटॉपवर चाललेली स्क्रिप्ट कंटेनरमध्ये व्हेरिएबल भरलेलं नाही म्हणून कोसळते. रेड हॅटच्या ओपनशिफ्टमध्ये तर कंटेनरला मुद्दामच आठ-दहा अंकी कुठलातरी यूआयडी मिळतो, ज्याची पासवर्ड फाइलमध्ये पूर्वी ओळच नसायची. तिथे 'हूॲमआय' विचारलं तर ह्या आकड्याला नाव सापडत नाही, असं उत्तर यायचं, आणि पायथनचं ते चार दारं ठोठावणारं फंक्शन पाचव्या, पासवर्ड फाइलच्या दाराशी जाऊन कोलमडायचं.

त्यावर ओपनशिफ्टच्या कागदपत्रांत काही वर्षं एक तोडगा दिलेला होता. कंटेनर सुरू होताना 'हूॲमआय'ला नाव सापडतंय का बघायचं. नसेल आणि पासवर्ड फाइल लिहिता येत असेल, तर तिच्या शेवटी एक ओळ जोडायची: आधी नाव, पुढे मिळालेला आकडा. फाइलमधून व्हेरिएबलमध्ये नाव यायचं ती जुनी वाट इथे उलटी झाली. ओळीतलं नाव येतं ते 'यूझर-नेम' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, आणि तेही रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथे 'डिफॉल्ट' असं लिहून मोकळी होते.